बदली झाली, माशांचं काय?

एप्रिल संपत आला, की आमच्या वडगाव निंबाळकरमध्ये आणि आसपासच्या गावांत टेम्पोंची ये-जा वाढते. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात आणि बदल्यांचे आदेश हातात पडलेले असतात. कुणी बँकेतले साहेब, कुणी शाळेतले सर, कुणी पोलीस ठाण्यातले, कुणी बारामतीच्या एमआयडीसीतले. बदली होते ती घरातल्या एकाची, पण बिऱ्हाड आवरायचं काम बाईच्याच वाट्याला येतं. भांडी कागदात गुंडाळा, डबे रिकामे करा, गॅस बंद करायला अर्ज द्या, मुलांचे शाळेचे दाखले काढा. या सगळ्या धावपळीत हॉलच्या कोपऱ्यातली काचेची टाकी अगदी शेवटी आठवते. मग शेवटच्या दिवशी प्रश्न पडतो, की माशांचं काय करायचं?

कुत्रा-मांजर असेल तर महिनाभर आधी विचार होतो. पोपटाचा पिंजरा उचलता येतो. मासा मात्र आवाज करत नाही, मागे लागत नाही. त्यामुळे त्याचा निर्णय घाईत होतो आणि बहुतेक वेळा चुकीचा होतो. एकतर तो शेजाऱ्यांच्या गळ्यात पडतो, नाहीतर दुधाच्या पिशवीत घालून टेम्पोत बसतो आणि वाटेतच दगावतो. तिसरा मार्ग सगळ्यांत सोपा वाटतो, तो म्हणजे कॅनॉलला नेऊन सोडणे!

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या मिस्टरांची नागपूरला बदली झाली, तेव्हा तिच्या सासूबाईंनी हेच सुचवलं. "अगं, सोडून दे त्यांना पाण्यात. मोकळे होतील बिचारे, पुण्य लागेल." मुलगी रडायला लागली. मैत्रीण माझ्याकडे आली, "ताई, सातशे किलोमीटर मासे न्यायचे म्हणजे येडेपणाच ना हो?" टाकीत दोन गोल्डफिश, चार मॉली, तीन गुरामी आणि काच चाटणारा एक काळपट मासा. एवढ्यासाठी कोण धडपड करणार, असं तिच्या घरात सगळ्यांनाच वाटत होतं.

सासूबाईंचा हेतू चांगलाच होता, पण कॅनॉलमध्ये सोडण्यात माशाचं भलं नाही आणि पाण्याचंही नाही. आपला नीरा डावा कालवा आवर्तनाने वाहतो, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात ठाऊक आहे. आवर्तन बंद झालं, की मागे डबकी उरतात. टाकीत आयतं खाऊन वाढलेला गोल्डफिश तिथे बगळ्याच्या तोंडी जातो किंवा उन्हाने तापलेल्या पाण्यात मरतो. जे चिवट असतात ते मात्र जगतात, आणि खरी काळजी त्यांचीच आहे. कालव्यातून ओढ्यात, ओढ्यातून नीरेत, आणि नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते. एकदा नदीत गेलेला मासा परत गोळा करता येत नाही.

याचं उदाहरण पाहायला लांब जायला नको. इंदापूर तालुक्यातलं भिगवण म्हटलं, की उजनीचं पाणी आणि मासळीबाजार आठवतो. तिथे जाळ्यात सर्वांत जास्त काय येतं? चिलापी! हा मूळचा आफ्रिकेतला मासा. आपल्या देशात तो १९५२ मध्ये मुद्दाम आणला गेला आणि मग जिथे गेला तिथे पसरला. निदान तो खाल्ला तरी जातो. त्याच्यामागून आलेला सकर मासा, ज्याला काही जण हेलिकॉप्टर मासा म्हणतात, तो मच्छीमारांच्या काहीच कामाचा नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्याकडे आला तोच शोभेच्या टाकीसाठी, काचेवरचं शेवाळ खातो म्हणून. दुकानात तो बोटाएवढा असतो, बाहेर मोकळ्या पाण्यात हातभर होतो. अंगावर टणक कवच आणि काटे, त्यामुळे जाळं फाडतो, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. अंडी घालायला काठाच्या मातीत बिळं करतो, ती वेगळीच डोकेदुखी. उजनीतले मच्छीमार या माशाने हैराण झाले आहेत. पहाटे जाळं ओढणारा पुरुष आणि बाजारात पाटी घेऊन बसणारी त्याची बायको, दोघांची कमाई अशी कुणाच्या तरी 'पुण्या'पायी बुडते. मैत्रिणीच्या टाकीतला काच चाटणारा काळपट मासा नेमका हाच होता.

मग न्यायचे कसे? मासा लांबचा प्रवास करू शकतो का? अहो, टाकीतला मासा आपल्या घरी येतो तोच मुळी प्रवास करून. आपल्या बारामतीच्या किंवा पुण्याच्या दुकानात दिसणारे कितीतरी मासे चेन्नईजवळच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन, थर्माकोलच्या खोक्यातून आलेले असतात. शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्या शेतकऱ्यांनाही ही पद्धत पाठ आहे. मत्स्यबीज येतं ते पिशवीतूनच. खाली एक भाग पाणी, वर दोन भाग ऑक्सिजन, तोंड घट्ट बांधलेलं. पूर्वी बंगालमध्ये मातीच्या हंड्यांतून बीज न्यायचे आणि वाटभर हाताने पाणी हलवत राहायचे, म्हणजे पाण्यात हवा मिसळत राहायची. प्राथमिक आरोग्य केंद्रातून डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे गावोगावच्या हौदांत नेऊन सोडतात, तेही असेच पिशवीतून जातात. थोडक्यात, मासा प्रवासाने मरत नाही. तो गुदमरून मरतो, स्वतःच्याच घाण झालेल्या पाण्यात मरतो, नाहीतर पाणी एकदम तापल्याने किंवा गार झाल्याने मरतो. या तीन गोष्टी सांभाळल्या, की बाकी सगळं सोपं आहे.

आधीचे पंधरा दिवस

जायची तारीख ठरली, की पहिलं काम म्हणजे मासे मोजणं. कोणते न्यायचे आणि कोणते द्यायचे, ते तेव्हाच ठरवा. आजारी, अंगावर पांढरे ठिपके आलेला किंवा पंख झडलेला मासा लांबच्या प्रवासाला काढू नका. नवीन मासे या काळात आणू नका. टाकीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी थोडं थोडं बदलत राहा. निघायच्या आदल्या दिवशी एकदम सगळं पाणी बदलणं टाळा.

दुसरं काम म्हणजे दुकानदाराशी बोलणं. ज्याच्याकडून मासे घेतले, तोच बहुधा जाड पिशव्या देतो आणि ऑक्सिजनही भरून देतो. आदल्या दिवशी सांगून ठेवलं, तर सकाळी लवकर दुकान उघडायलाही तयार होतो. थर्माकोलचं झाकणाचं खोकं त्याच्याकडे मिळतं, नाहीतर औषधाच्या दुकानात विचारा.

तिसरी गोष्ट आया-बायांना पटत नाही. निघण्याआधी एक-दोन दिवस माशांना खायला घालायचं नाही. "लेकरांना उपाशी कसं धाडायचं?" असं मैत्रीण म्हणालीच. पण आपण जसं घाटातल्या एसटीच्या प्रवासाआधी मुलांना तळकट देत नाही, तसंच हे. मासा खातो तेवढी घाण करतो, आणि पिशवीतलं पाणी बदलायला वाटेत जागा नाही. धडधाकट मोठा मासा बरेच दिवस उपाशी राहू शकतो. दोन दिवसांनी त्याचं काही बिघडत नाही.

निघायच्या दिवशी

सामानाची धांदल सुरू व्हायच्या आधी टाकी आवरायची नाही. ती सगळ्यांत शेवटी. पिशवीत पाणी भरायचं ते टाकीतलंच, वरच्या भागातलं स्वच्छ पाणी. एक पिशवी दुसऱ्या पिशवीत घालायची, म्हणजे गळती होत नाही. खालचे दोन्ही कोपरे रबरबँडने बांधून टाकायचे, नाहीतर लहान मासे कोपऱ्यात अडकून चेंगरतात. एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश ऑक्सिजन हे प्रमाण लक्षात ठेवा. पाणी जास्त भरलं म्हणजे मासा सुखात राहील, असं आपल्याला वाटतं, पण श्वास त्याला वरच्या मोकळ्या जागेतून मिळतो. पिशवी तोंडाने कधीही फुगवू नका. आपला उच्छ्वास त्याच्या काही कामाचा नाही.

एका पिशवीत दोन-तीन लहान मासेच घाला. भांडखोर मासा वेगळा. सकरसारख्या काटेरी माशाला तीन पिशव्या, आणि त्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद. फायटर आणि गुरामी हे मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेतात. त्यांच्या पिशवीत साधी हवा भरा, पण जागा मोकळी ठेवा. ऑक्सिजन भरलेली पिशवी चोवीस तास आरामात निघते. साध्या हवेवर मात्र मासे थोडे आणि प्रवास काही तासांचाच हवा. ऑक्सिजन मिळाला नाही, तर झाकणाची बादली आणि बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हा दुसरा उपाय आहे. बॅटरीचे जादा सेल जवळ ठेवा.

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. टाकीतल्या फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन, उन्हात वाळवून पॅक करण्याचा मोह होतो. आपण गृहिणी, आपल्याला स्वच्छ सामान आवडतं! पण त्या काळपट स्पंजमध्येच टाकीचा जीव असतो. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया तयार होतो, तो पचवणारे जिवाणू त्या स्पंजवर वाढलेले असतात. आपलं विरजणच समजा ना. नव्या गावी दही लावायला आपण वाटीभर विरजण जपून नेतो, तसा तो स्पंज टाकीच्याच पाण्यात भिजवून, ओलसर, हवा राहील अशा डब्यात न्यायचा. तो वाळला की विरजण मेलं, आणि नव्या गावी पहिल्या आठवड्यातच माशांचे हाल सुरू होतात.

टाकीचं काय? पाणी आणि वाळूसकट टाकी कधीही उचलू नका, मग हमाल कितीही दांडगे असोत. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे छप्पन लिटर पाणी बसतं, म्हणजे छप्पन किलो नुसतं पाणी. त्या वजनाने काचेचे जोड उसवतात. टाकी पूर्ण रिकामी करा, वाळू ओली असतानाच वेगळ्या बादलीत भरा, टाकीला गोधडी गुंडाळा आणि टेम्पोत उभी, सपाट तळावर ठेवा. तिच्यात भांडी भरू नका.

वाटेत

मासे टेम्पोत नाही, तर आपल्याबरोबर. सामानाच्या गाडीत काय तापेल आणि कशावर काय पडेल, याचा नेम नसतो. उष्ण प्रदेशातल्या माशांना चोवीस ते अठ्ठावीस अंश पाणी मानवतं. गोल्डफिशला त्याहून थोडं गारच बरं. आणि आपण निघतो मे महिन्यात, जेव्हा विदर्भात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो! थर्माकोलचं खोकं बंद ठेवलं, तर बाहेरचा उन्हाळा आत लवकर पोचत नाही. फार ऊन असेल, तर बर्फ झालेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या कोपऱ्यात ठेवा, पिशवीला चिकटून नको. थंडीत हाच उपाय कोमट पाण्याच्या बाटलीने करा.

मैत्रिणीने जीप पहाटे चार वाजता काढली. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि पुढे समृद्धी महामार्ग. ऊन चढायच्या आत अर्धी वाट सरली. जेवायला थांबले, तेव्हा बंद गाडीत खोकं न ठेवता ते उचलून ढाब्याच्या सावलीत ठेवलं. मुलीला दर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहायचं होतं. तिला एकच काम दिलं, की झाकण उघडू द्यायचं नाही, अगदी बाबांनासुद्धा! अंधारात मासा शांत राहतो, कमी धडपडतो आणि त्याला हवाही कमी लागते. रेल्वेने जाणाऱ्यांनी खोकं सीटखाली, पायांजवळ ठेवावं. विमानाने जायचं असेल, तर त्या कंपनीला आधी विचारल्याशिवाय मासे घेऊन विमानतळावर जाऊ नका.

पोचल्यावर

नव्या घरात पोचलं, की आपण आधी गॅस जोडतो. मासे असतील तर आधी टाकी लावा. वेळ नसेल तर स्वच्छ, साबण न लागलेला टब आणि हवेचा पंप दोन दिवस चालतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो माशांना जाळतो. पाणी रात्रभर पंप लावून उघडं ठेवा किंवा दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात ते घाला. नव्या गावात आधी गेलेलं कुणी असेल, तर त्याला फोन करून पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवायला सांगा.

बंद पिशवी तशीच टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, म्हणजे दोन्ही पाण्यांचं तापमान एक होतं. मग पिशवी उघडायची, आणि उघडल्यावर मात्र रेंगाळायचं नाही. याला कारण आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पाणी थोडं आंबट झालेलं असतं, आणि आंबट पाण्यात अमोनिया फारसा जहाल नसतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, आंबटपणा उतरतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. दिवसभर जगलेला मासा घरात आल्यावर मरतो, तो बऱ्याचदा असा. म्हणून टाकीतलं पाणी वाटीवाटीने तीन-चारदा पिशवीत घाला आणि मग मासा जाळीने अलगद उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, ते झाडांना घाला.

पाण्याच्या जातीचाही विचार हवा. आपल्या बारामतीकडच्या कितीतरी बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे आपण रोज अनुभवतो. मॉली, गप्पी यांना हे पाणी मानवतं. तेच मासे मुंबईच्या तलावाच्या हलक्या पाण्यात गेले, तर एकदम बदल सोसत नाही. अशा वेळी वाटीवाटीने पाणी मिसळण्याचं काम तासभर सावकाश करा, आणि पिशवीऐवजी बादलीत पंप लावून करा. बादलीत मासे जाळीनेच घ्या. घरातल्या टाकीचं पाणी एका वेगळ्या कॅनमध्ये बरोबर आणलं असेल, तर ते इथे उपयोगी पडतं.

पहिल्या दिवशी खायला घालू नका, दिवाही लावू नका. दुसऱ्या दिवशी चिमूटभर. पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड थोडं पाणी बदला, कारण विरजण लागायला वेळ लागतो.

न्यायचं जमत नसेल तर?

प्रत्येकीला जमेलच असं नाही. परदेशी बदली असते, वृद्ध माणसं बरोबर असतात, घर लहान असतं. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. मासे दुकानदाराला परत द्या, बहुतेक जण घेतात. शाळेत टाकी असेल तर मुख्याध्यापकांना विचारा. मासे पाळणाऱ्या दुसऱ्या घरी टाकी, पंप, खाण्याच्या डबीसकट द्या आणि पाणी कसं बदलायचं ते कागदावर लिहून द्या. फक्त नदी, कालवा, विहीर, शेततळं, गणपतीचा घाट, यांत कुठेही नको. आरोग्य केंद्राचे लोक गप्पी मासे हौदात सोडतात ते जागा बघून सोडतात. त्याचं अनुकरण आपल्या टाकीतल्या माशांनी करायचं नसतं.

आपल्याकडे आणखी एक समजूत आहे. वास्तुशास्त्र म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा मासा घरात ठेवायचा, आणि मासा मेला की म्हणायचं, "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं." ऐकायला बरं वाटतं, पण या समजुतीमागे आपला निष्काळजीपणा सहज लपतो. पाणी बदललं नाही म्हणून मेलेला मासा कुणाचंही संकट घेऊन जात नाही.

मैत्रिणीने नऊ मासे नेले. काच चाटणारा तो दहावा मासा, आता वीतभर झालेला, बारामतीच्या दुकानदाराने परत घेतला. नागपूरला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी एक मॉली गेली, बाकी आठ रमले. सासूबाईंना फोनवर सगळ्यांची खुशाली कळवली जाते, आणि त्याही आता "कॅनॉल" म्हणत नाहीत.

मैत्रिणींनो, बदलीत मुलांचं खूप काही सुटतं. शाळा, शेजार, खेळायचे सवंगडी. त्यांना विचारून काही होत नाही. अशा वेळी आपल्या भरवशावर जगणारा एवढासा जीव आपण वाऱ्यावर सोडतो की जपून नेतो, हे मुलं बघत असतात. पुढे आयुष्यात त्यांच्यावरही कुणी अवलंबून असणारच आहे. तेव्हा यंदा बदलीचा कागद हातात पडला, की सामानाच्या यादीत फ्रिज आणि कपाटाच्या खाली एक ओळ माशांचीही लिहा, आणि तीही पंधरा दिवस आधी!